खानदेशातून फ्रेंच संशोधन केंद्रापर्यंत: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

बी.ए.चं शेवटचं वर्ष सुरू झालं की चोपडा, शिरपूर, शहादा, पाचोरा या भागातून मला फोन येऊ लागतात. प्रश्न साधारण एकच असतो. "ताई, फ्रेंचमध्ये पीएच.डी. करता येते म्हणे. तिथे नेमकं काय करतात, आणि आपल्याकडून तिथपर्यंत जायचं कसं?" मी स्वतः चोपडा तालुक्यातली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, कॉलेजात अडखळत इंग्रजी आणि त्यानंतर फ्रेंच. ही वाट मला कोणी एका जागी बसून समजावली नव्हती. म्हणून जे फोनवर सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी केंद्र म्हणजे काय ते समजून घ्या

भाषेचा क्लास वेगळा आणि संशोधन केंद्र वेगळं. क्लासमध्ये तुम्ही फ्रेंच शिकता. केंद्रात फ्रेंच येते असं धरूनच पुढचं काम सुरू होतं. तिथे साहित्य, भाषाशास्त्र, भाषांतर, भाषा शिकवण्याचं शास्त्र, इतिहास आणि समाज हे विषय असतात. दिल्लीच्या जेएनयूमधल्या केंद्राचं नावच 'सेंटर फॉर फ्रेंच अँड फ्रँकोफोन स्टडीज' आहे. हैदराबादची इफ्लू (म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ), पुद्दुचेरी विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, मद्रास विद्यापीठ इथेही फ्रेंचचे जुने विभाग आहेत. आपल्या राज्यात मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग कलिन्याला आहे, आणि पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात वर्षानुवर्षं चालत आले आहेत.

नावातल्या 'फ्रँकोफोन' या शब्दाकडे नीट बघा, कारण आपल्या मुलांसाठी खरी जागा तिथेच आहे. फ्रेंच बोलणारे लोक फक्त फ्रान्समध्ये नाहीत. सेनेगल, आयव्हरी कोस्ट, काँगो, मोरोक्को, अल्जीरिया, कॅनडातला क्युबेक, कॅरिबियन समुद्रातली मार्तिनीक आणि ग्वादलूप बेटं, हिंदी महासागरातलं रेयुनियों आणि मॉरिशस, इतका हा पसारा आहे. 'फ्रँकोफोनी' हा शब्द ओनेझीम रक्लू या फ्रेंच भूगोलकाराने १८८० मध्ये वापरला. २० मार्च १९७० रोजी नायजरची राजधानी नियामे इथे फ्रेंच वापरणाऱ्या देशांच्या संघटनेचा पाया घातला गेला. म्हणूनच दरवर्षी २० मार्च हा फ्रँकोफोनी दिवस असतो. आज जगात ३० कोटींहून जास्त लोक फ्रेंच बोलतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरात दुसरी एखादी भाषा असते. सेनेगलच्या मुलाच्या घरी वोलोफ आणि शाळेत फ्रेंच, मार्तिनीकच्या मुलीच्या घरी क्रेओल (फ्रेंचमधून तिथेच घडलेली भाषा) आणि शाळेत फ्रेंच. वर्गात "मनं नाव अमुक शे" म्हटल्यावर हसू ऐकलेल्या पोराला हे वेगळं समजवावं लागत नाही. दिल्लीत वाढलेल्या वर्गमित्राला जे पुस्तकातून कळतं ते तुम्ही घरून घेऊन जाता. या लेखात मला मनापासून सांगायचं आहे ते हेच: अहिराणी, लेवा, भिली, पावरी यातलं जे घरात असेल ते झाकून ठेवून जाऊ नका.

भाषा: शून्यापासून बी-२ पर्यंत

युरोपातल्या मोजमापात भाषेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत. पहिल्या चार पायऱ्यांच्या परीक्षेला देल्फ म्हणतात, शेवटच्या दोनांना दाल्फ. देल्फचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. १०० पैकी ५० गुण लागतात, पण ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत २५ पैकी किमान ५ मिळायलाच हवेत. लिहिण्यात पहिला आणि बोलण्यात शून्य असं तिथे चालत नाही. संशोधनाचा विचार करायचा तर बी-२ ही माझ्या मते खालची हद्द आहे. नीट शिकवणी आणि घरचा अभ्यास धरून ५०० ते ६०० तास लागतात. रोज दीड तास दिला तर वर्ष-सव्वा वर्षाचं काम झालं. "तीन महिन्यांत फ्रेंच" अशी पाटी दिसली तर तिथे पैसे भरू नका.

पुणे आणि मुंबईत आलियाँस फ्राँसेज आहे. ही संस्था पॅरिसमध्ये १८८३ साली सुरू झाली. त्यांचे वर्ग ऑनलाइनही असतात, त्यामुळे पहिल्या पायऱ्यांसाठी घर सोडण्याची गरज नाही. बी-१ नंतर मात्र काही महिने तरी समोरासमोर बोलायला मिळेल अशा शहरात जाऊन राहा. फोनच्या पडद्यावर तोंड उघडायची सवय लागत नाही.

माझा अनुभव सांगते. मी पहिलं वर्ष एका खाजगी क्लासमध्ये काढलं. तिथे सगळं इंग्रजीतून, फळ्यावर व्याकरण, आणि वर्षभरात मूळ फ्रेंच माणसाचा आवाज एकदाही ऐकवला नाही. मग पहिल्या तोंडी परीक्षेत चित्र बघून सांगायचं होतं की पुस्तक टेबलाच्या वर आहे. फ्रेंचमध्ये 'वर' म्हणजे 'दस्यू' आणि 'खाली' म्हणजे 'दसू'. पहिल्या शब्दातला स्वर आपल्याकडे नाहीच. देवनागरीत तो मी 'स्यू' लिहिला तरी खरा आवाज तो नव्हे. मी दोन्ही शब्द 'दसू' असेच शिकले होते. परीक्षक बाईंनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा पुस्तक टेबलाखाली ठेवलं. तो स्वर काढायची रीत अशी: तोंडात 'ई' धरा, जीभ हलवू नका, आणि ओठ फक्त 'ऊ'सारखे गोल करा. आरशासमोर आठवडाभर हे केलं की बसतं. वर्षभराची चूक सुटायला मला चार महिने लागले. म्हणून पहिल्या दिवसापासून कानाने शिका. आरएफआय या फ्रेंच रेडिओवर सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या रोज मिळतात, दहा मिनिटांच्या, फुकट, सोबत लिहिलेला मजकूरही असतो. आधी नुसतं ऐकायचं, मग मजकूर बघत ऐकायचं, मग पुन्हा नुसतं ऐकायचं.

आपल्याला काही गोष्टी उलट सोप्या जातात. निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं इंग्रजीवाल्याला नवल वाटतं, आपल्याला वाटत नाही. फक्त आपली तीन लिंगं तिथे दोन होतात, आणि आपलं नपुंसकलिंगी टेबल तिथे स्त्रीलिंगी असतं. 'त्यु' आणि 'व्हू' म्हणजे सरळ आपले तू आणि तुम्ही. आणि आकड्यांवर सगळ्यांचं घोडं अडतं तिथे माझं अडलं नाही, ते आमच्या आबांमुळे. फ्रेंचमध्ये ८० म्हणजे 'कात्र-व्हँ', शब्दशः चार वीस. आबा केळीचे घड मोजताना ८० म्हणतच नसत, "चार इसा" म्हणत. ९० म्हणजे चार इसा आणि वर दहा. फ्रेंचमध्ये अगदी तसंच: 'कात्र-व्हँ-दिस'. माझ्या वर्गात मुंबईची मुलं बोटं मोजत होती आणि मला आबांचा आवाज ऐकू येत होता.

पदवीची वाट

बारावी झालेल्यांसाठी सगळ्यात सरळ रस्ता जेएनयू किंवा इफ्लूची फ्रेंचमधली बी.ए. हा आहे. तिथे शून्यापासून शिकवतात, आधी फ्रेंच येण्याची अट नाही. जेएनयूच्या बी.ए.चा प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. ही परीक्षा आपल्याकडे फार थोडी मुलं देतात, अर्ज निघाल्याचंच कळत नाही. बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर सीयूईटीच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला नजर टाका.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून इतिहास, मराठी, इंग्रजी किंवा अगदी बी.एस्सी. केलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. पदवी करतानाच बाहेरून भाषा शिकत जा, पुण्या-मुंबईत प्रमाणपत्र आणि पदविका करा, मग फ्रेंचमधल्या एम.ए.ला अर्ज करा. कोणत्या विद्यापीठाला किती तयारी चालते ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघायचं, मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर नाही.

एम.ए.नंतर नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. फ्रेंच हा नेटचा स्वतंत्र विषय आहे. पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुणांचा, दुसरा १०० प्रश्न २०० गुणांचा, दोन्ही मिळून तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात. नुसत्या प्रवेशापुरतं पात्र ठरलात तर गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. पीएच.डी.साठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट आहे. मुदत किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षं.

तुमचा स्वतःचा प्रश्न

इथे थांबून जास्त लिहिते, कारण बहुतेक जण इथेच मागे पडतात. माझ्या पहिल्या मुलाखतीत मला विचारलं, कशावर काम करायचंय? मी पॅरिसच्या एका नामवंत कादंबरीकाराचं नाव घेतलं, कारण एम.ए.ला तोच होता. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "त्याच्यावर फ्रान्समध्ये शेकडो प्रबंध झालेत. तुम्ही त्यात काय घालणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि निवडही झाली नाही. पुढच्या वर्षी मी गेले ती घरचा प्रश्न घेऊन.

घरचे प्रश्न किती आहेत बघा. ज्यां-बातिस्त तावेर्निए हा हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. त्याचा रस्ता आपल्या दारातून जातो. १६७६ साली पॅरिसमध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात नवापूर आहे, नंदुरबार आहे, थाळनेर 'तालनेर' होऊन येतं आणि आमचं चोपडं 'शूप्र' होऊन. नवापूरच्या तांदळाबद्दल तो लिहितो की दाणा नेहमीच्या तांदळापेक्षा निम्मा, शिजल्यावर बर्फाहून पांढरा, आणि वास कस्तुरीचा. हे पुस्तक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. जुनं फ्रेंच सुरुवातीला जड जाईल, तेव्हाच्या छपाईतला लांब 'स' 'फ'सारखा दिसतो. पण नवापूरच्या पोराने तो परिच्छेद स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, घरी वाचून दाखवावा आणि मग विचारावं: या माणसाला इथे काय दिसलं, काय दिसलंच नाही, आणि गावांची नावं त्याने कोणाच्या तोंडून ऐकली असतील? हा प्रबंधाचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न केळीचा. रावेर, यावल, चोपडा इथल्या मुलांना मृगबाग आणि कांदेबाग या केळी लागवडीच्या दोन हंगामांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही. मार्तिनीक आणि ग्वादलूप या फ्रेंच बेटांवरही केळी हेच मोठं पीक. तिथे केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंडकिड्यावर १९७२ पासून क्लोरदेकोन नावाचं कीटकनाशक वापरलं गेलं. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर १९९० मध्ये त्यावर बंदी आली, बेटांवर ते १९९३ पर्यंत चालू राहिलं. ते जमिनीतून जात नाही. तिथल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात त्याचा अंश सापडला आहे. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्रों तिथे जाऊन हा पर्यावरणाचा घोटाळा असल्याचं म्हणाले, आणि २०२३ च्या जानेवारीत पॅरिसच्या न्यायाधीशांनी खटला न चालवताच प्रकरण बंद केलं. यावर फ्रेंचमध्ये आणि क्रेओलमध्ये ढीगभर लिहिलं, गायलं, बोललं गेलं आहे. पाठीवर पंप बांधून बागेत फिरलेल्या घरातल्या मुलीने ते वाचणं आणि इतर कोणी वाचणं यात फरक पडतोच. ती कोणत्या शब्दापाशी थांबेल ते दुसऱ्याला सुचणार नाही.

तिसरी वाट मराठीवरच्या फ्रेंच अभ्यासाची. झ्यूल ब्लोक या फ्रेंच भाषापंडिताने मराठी भाषा कशी घडली यावर लिहिलेला ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये निघाला, आणि मराठीच्या इतिहासाचा अभ्यास आजही त्याला वळसा घालून करता येत नाही. गी दलरी यांनी पंढरपूरच्या विठ्ठलाचा अभ्यास केला आणि तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. शार्लोत व्होदव्हील यांनी ज्ञानदेवांचा हरिपाठ नेला. पुण्यात गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, १ लाखाहून जास्त. ज्या मातीत बहिणाबाईंनी जात्यावर बसून गाणी रचली तिथल्या मुलीने या भाषांतरांना हात घातला पाहिजे असं मला फार वाटतं. 'घरोट', म्हणजे आपलं जातं, हा शब्द फ्रेंचमध्ये कसा जाईल, याचा विचार करत मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

आणि मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया (करारावर नेलेले मजूर) म्हणून तिथे गेलेल्यांत मराठी माणसंही होती, त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे आहेत, शाळेत मराठी शिकतात आणि घराबाहेर क्रेओल व फ्रेंच बोलतात. भारतीय वंशाच्या आनंदा देवी आणि नताशा आपाना या मॉरिशसच्या लेखिका फ्रेंचमध्ये लिहितात.

आराखडा आणि पत्र

प्रश्न मोठा असेल तर लहान करा. 'केळी आणि फ्रेंच साहित्य' हा विषय नव्हे. '२०१८ ते २०२३ या काळात मार्तिनीकच्या वर्तमानपत्रांत क्लोरदेकोनबद्दल लिहिताना मजुरांसाठी कोणते शब्द येतात' हा विषय झाला. आराखड्यात चारच गोष्टी नीट मांडा: प्रश्न काय, आजवर कोणी काय लिहिलं, तुम्ही कोणता मजकूर वाचणार, कोणत्या पद्धतीने. तीन-चार पानं पुरतात. फ्रेंच तपासून घ्या, पण दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. मुलाखतीत पाचव्या मिनिटाला ते उघडं पडतं.

मार्गदर्शकांना पत्र लिहिण्याआधी त्यांचे दोन लेख तरी वाचा. पत्राची सुरुवात नुसती 'मादाम' किंवा 'मस्यो' आणि स्वल्पविराम अशी करा. 'आदरणीय'चं भाषांतर नको, फ्रेंचमध्ये तो आदर शेवटच्या ओळीत येतो आणि ती ओळ ठरलेली असते, ती पाठ करून टाका. पंधरा ओळींच्या वर जाऊ नका. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदाच आठवण द्या.

पैसे आणि कागद

नेटमध्ये जेआरएफ (संशोधनासाठीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यापुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. जेआरएफला वयाची अट ३० आहे, मुलींना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. जेआरएफ नसली तरी अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्याच्या संस्था पीएच.डी.ला अधिछात्रवृत्ती देतात. जाहिराती कधी निघतील याचा नेम नसतो, नोंदणीचं पत्र हाताशी तयार ठेवा. फ्रान्समध्ये एम.ए. करायचं असेल तर फ्रेंच दूतावासाची शार्पाक शिष्यवृत्ती बघा.

कागदांत आपली मुलं एका ठिकाणी हमखास अडकतात. राज्यातल्या कॉलेजला चाललेला नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. राज्याच्या यादीतल्या सगळ्या जाती केंद्राच्या यादीत नाहीत. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही तसंच, केंद्राचा नमुना आणि चालू आर्थिक वर्षाची तारीख. सेतूत अर्ज करताना "केंद्र शासनासाठी" असं ठळक सांगा आणि एप्रिलमध्येच हे काम उरका, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. आपल्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेटही आधीच काढून ठेवा. दिल्लीला पोचल्यावर ते लक्षात आलं तर कोणाला तरी जळगावला पाठवावं लागतं.

गेल्यावर पहिले महिने

दिल्लीसाठी भुसावळहून झेलम किंवा कर्नाटक एक्स्प्रेस सोयीची. पहिल्या सत्रात कोर्सवर्क असतं, किमान १२ क्रेडिटचं, आणि सगळी चर्चा फ्रेंचमध्ये. पहिले सहा आठवडे समोरच्याचं निम्मंच कळेल. प्रत्येक सेमिनारला एक प्रश्न आधी कागदावर लिहून न्या आणि तो विचाराच, मग तो कितीही साधा असो. माझा पहिला प्रश्न एका क्रेओल शब्दाच्या अर्थाचा होता. प्राध्यापिका बाईंनी मला उलट विचारलं की तुमच्या भाषेत याला काय म्हणतात. मी अहिराणी शब्द सांगितला. त्यांनी तो फळ्यावर लिहायला खडू माझ्या हातात दिला.